काळ्या दगडाचा कान

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. बनारसमध्ये उभा जन्म गेला, रोज दारावरून तिरड्या जाताना बघितल्या... भीती कधीच मेली. तरी हे लिहितेय.

आमचं घर ब्रह्मा घाटाजवळ. माझे यजमान इतिहासाचे प्राध्यापक, आणि छंद कसला, तर इजिप्तच्या फुटक्या मूर्तींचा! कुठल्या राजाचा अंगठा, कुणाचं अर्धं नाक. अख्खी मूर्ती दिली तरी नको असायची. सगळ्यांत लाडका तुकडा म्हणजे काळ्या दगडाचा एक कान. "तिकडचे लोक दगडात कान कोरून देवाला गाऱ्हाणं सांगायचे," असं कौतुकाने म्हणायचे. नणंदबाईंचा मात्र एकच घोष — "वहिनी, खंडित मूर्ती घरात नको, गंगाजीत सिरवून टाका, विसर्जन करा." आम्ही हसण्यावारी न्यायचो.

मागच्या वर्षी यांच्या किडन्या गेल्या. आयसीयूत फक्त संध्याकाळी भेटू द्यायचे. दुपारी घर खायला उठायचं. एकदा कपाट पुसता पुसता त्या कानाशीच बडबडले — "तुमचा मफलर माकडाने पळवला, बरं का!" संध्याकाळी हे क्षीण आवाजात विचारतात, "माकडाने मफलर टाकला का गं परत?"

मी कुणाजवळच बोलले नव्हते! दुसऱ्या दिवशी मुद्दाम कानाला सांगितलं, आमटी करपली म्हणून. संध्याकाळी हे म्हणाले, "उपाशीच आलीस ना? दुसरी टाकायची होतीस आमटी."

मग मात्र मला वेडी आशा लागली. त्या थंड दगडाला ओठ लावून मी पोटभर रडले. इजिप्तचा असशील, काशीचा असशील, कुणीही अस — पण यांना ठेव.

त्या संध्याकाळी यांनी माझा हात धरला. "तुझं सगळं येतं गं माझ्यापर्यंत," म्हणाले. "पण पुढे कुणी ऐकत नाही. रडू नकोस."

पहाटे गेले.

नणंदबाईंच्या आग्रहाखातर कान घेऊन नावेत बसले. नाववाला म्हणाला, "माताजी, यहीं सिरा दीजिए, पानी गहरा है." हात पुढे केला... पण सोडवेना. तसाच परत आणला.

अजून दुपारी त्याच्याशी बोलते. आमटी, माकडं, सगळं सांगते. पलीकडे आता हेही नाहीत, हे कळतं मला. कुणाकडे या सगळ्याचा उलगडा असेल तर जरूर लिहा. फक्त, वर कुणीतरी ऐकतोय — एवढं मला सांगू नका.