भर मिरवणुकीतून पाणबुडी

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकही पाणबुडी पाहिली नव्हती, पण पाणबुडीबद्दल त्यांना सगळं माहीत होतं. त्याला कारण मी. मी शिकवायचे त्या शाळेतल्या एका बाईंचा भाऊ नौदलात पाणबुडीवर होता आणि मला त्याच्याशीच लग्न करायचं होतं. तो जूचंद्रचा, आगरी. आम्ही वटारचे ख्रिस्ती, केळीच्या वाडीवाले. बाबांनी त्याचा फोटोसुद्धा हातात घेतला नाही. जातीधर्माचा मात्र चकार शब्द नाही. विरोध म्हणे पाणबुडीला!

ऐंशीनंतरची ती वर्षं. आखातात लढाई पेटलेली आणि आमच्याकडची कितीतरी मुलं तिथे नोकरीला. रेडिओवरच्या बातम्या संपल्या की ओटीवर आखाताच्या तोंडाशी असलेल्या सामुद्रधुनीची चर्चा सुरू व्हायची. बाबा ठासून सांगायचे, एवढीशी चिंचोळी वाट, पाणी उथळ, वर तेलाच्या जहाजांची रांग. तिथून डिझेलवरची पाणबुडी लपून जाणं अशक्य. बॅटरी उतरली की इंजिन चालवायचं, इंजिनाला हवा लागते, हवेसाठी नळी पाण्याबाहेर काढायची, आणि नळी दिसली की खेळ खलास. उद्या आपल्या लोकांना असल्या ठिकाणी धाडलं तर काय, पोरीला विधवा करून घ्यायची का, असं ते माझ्याकडे न बघता विचारायचे. मला नुसता संताप यायचा. त्यांना नको होतं ते जूचंद्रला होतं, समुद्रात नव्हतं, आणि हे ओटीवरच्या प्रत्येकाला कळत होतं.

तो स्वतः कामाबद्दल तोंड उघडायचा नाही. मी फारच खनपटीला बसले तेव्हा एवढंच म्हणाला, "वर गोंधल असला ना, का खाली कोन चाललाय ते कुनाला ऐकू येत नाय."

मला तेवढं पुरलं. माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं. आमच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणतात. वाडीतली वाट जेमतेम दोन माणसांची, आणि त्यात बँड, कळश्या घेतलेल्या बायका, नाचणारे पाहुणे. मी त्याला सरळ बोलावून घेतलं. पांढरा सदरा घालून तो आला आणि माझ्या शेजारून चालू लागला. नवरीकडच्यांना वाटलं नवऱ्याकडचा, नवऱ्याकडच्यांना वाटलं नवरीकडचा. विहिरीच्या वळणावर बाबा उभे होते, सगळ्यांवर हुकूम सोडत. धडधाकट माणूस रिकाम्या हातांनी चाललेला त्यांना कधीच खपायचा नाही. त्यांनी पेटती गॅसबत्ती उचलली, त्याच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, पुढे हो, बायकांना उजेड दाखव. विहिरीपर्यंत आणि परत मांडवापर्यंत मी त्याच्या उजेडात चालले.

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या जेवणात, आखातातून आलेल्या एका पाहुण्याला बाबा पुन्हा तेच समजावत होते. चिंचोळी वाट, गर्दी, अशक्य. मी वाढत होते. भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"बाबा, काल तुझ्या नाकासमोरून गेली पाणबुडी," मी म्हणाले. "गॅसबत्ती तूच ठेवलीस तिच्या डोक्यावर."

त्यांना उलगडायला थोडा वेळ लागला. कालचा तो पांढरा सदरा कोण, हे मी सगळ्यांसमोर नावागावासकट सांगितलं. तुझा राग पाणबुडीवर नाही, जूचंद्रवर आहे, हेही सांगितलं. माझा आवाज चढाच होता.

बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "श्वास घ्यायला वर यावंच लागतं."

"आलेच आहे वर," मी म्हणाले. "विचारायला नाही, सांगायला."

पुढे बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही माघार घेतली नाही. आमच्या लग्नालाही तेच विहिरीचं पाणी आणलं, त्याच वाटेने, तोच बँड लावून, आणि मी बँडवाल्यांना बजावलं होतं की आमच्या दारासमोर जोरात वाजवायचं. बाबा ओटीवर पाठ करून बसले होते. मिरवणूक पुढे सरकली तसे ते उठले, एका पोऱ्याच्या डोक्यावरची गॅसबत्ती काढून घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. तोंड मात्र विहिरीपर्यंत वाकडंच होतं.