हेल्मेटमधली अंडी

वाण्याच्या दुकानातून शेजारच्या नानांनी अंडी घेतली, हेल्मेटमध्ये अलगद ठेवली, हेल्मेट स्कूटरच्या हुकाला अडकवलं आणि उघड्या डोक्याने निघाले.

"नाना, हेल्मेट घाला की!"

"अगं, इथल्या इथे तर जायचंय. पिशवीत अंडी फुटतात."

आता यांना काय सांगायचं? माझा धाकटा भाऊही इथल्या इथेच, दूध आणायला गेला होता. खड्ड्यात स्कूटर उडाली, डोकं रस्त्यावर आपटलं. रक्त आलं नाही, म्हणून लोकांनी पाणी पाजून "काही झालं नाही" म्हणत घरी पाठवलं. संध्याकाळी तो बेशुद्ध पडला.

आता तो चालतो, बोलतो. पाहुणे म्हणतात, "अगदी पूर्वीसारखा दिसतो हो!" दिसतो. पण अख्ख्या घराला हसवणारा हा माणूस कुकरच्या शिट्टीने भडकून ताट भिरकावतो आणि मग आपण का चिडलो तेच आठवत नाही म्हणून रडतो. हात मोडला तर निदान प्लास्टर दिसतं. याचं काय दाखवू लोकांना?

घरी आले, तर नाना जिन्यातच उभे होते. हेल्मेट पुढे धरून कौतुकाने म्हणाले, "बघ, एकालाही साधा तडा नाही!"