पाटीवरचं तैवान

नागापूर एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये तैवानहून नवी, संगणकावर चालणारी सीएनसी मशीन आली, तेव्हा ती बसवायला आणि शिकवायला तिकडची एक इंजिनिअर मुलगी आली होती. माझ्याच वयाची. मशीन चालवणारी बाई आमच्याकडे मी एकटीच, म्हणून साहेबांनी तिला माझ्याच गळ्यात मारलं. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. अडलं की मोबाईलवर लिहून दाखवायचो. आठवड्याभरात ती मला 'ताई' म्हणायला लागली आणि न विचारता माझ्या डब्यातला ठेचा घ्यायला लागली.

एक दिवस जेवताना तिचा फोन वाजत राहिला. तिने स्क्रीन माझ्यापुढे धरली. नकाशावर त्यांचं बेट आणि त्याच्याभोवती चीनच्या लढाऊ जहाजांच्या खुणा. सराव चाललाय म्हणे. तिचा धाकटा भाऊ तेव्हा सक्तीच्या लष्करी सेवेत होता, किनाऱ्यावरच्या ठाण्यात.

"भीती वाटते?" मी विचारलं.

"दर वेळी वाटते. मग आम्ही कामाला जातो."

एवढं बोलून तिने हात धुतले आणि मला मशीनचं कापणारं टूल सेट करायला शिकवायला पुन्हा उभी राहिली. त्या दिवशी तिने माझ्याकडून एकच जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा सुटा भाग, सात वेळा करून घेतला.

ती परत गेल्यावर मी मशीनची पाटी रंगवली. आमच्याकडे प्रत्येक मशीनवर असते: मशीनचं नाव, कुठून आली, चालवणार कोण. 'कुठून'पुढे मी मराठीत आणि खाली इंग्रजीत लिहिलं, तैवान.

दोन महिन्यांनी साहेब पाटीपुढे येऊन थांबले. परदेशी खरेदीदार पाहणीला येणार होते आणि त्यांचे प्रमुख चीनचे होते.

"तैवानपुढे स्वल्पविराम देऊन चीन लिही," साहेब म्हणाले.

"का सर?"

"अगं, आपलं सरकारसुद्धा त्याला वेगळा देश मानत नाही. त्यांच्या भांडणात आपण कशाला पडायचं? एका शब्दाने काय फरक पडतो?"

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. मिरजगावात मला पहिलीत घालताना मास्तरांनी फॉर्मवर आमच्या जुन्या जातीचं नाव लिहिलं होतं. वडील म्हणाले, "आमी बौद्ध हाय. तसंच लिवा." मास्तर म्हणाले, कागदावर काही असलं तरी काय फरक पडतो. वडील विटांच्या भट्टीवरून तसेच आलेले, अंगभर लाल धूळ. ते टेबलापासून हलले नाहीत. म्हणाले, "फरक पडत न्हाई ना? मग आमचंच लिवा की."

मी साहेबांना तेच म्हणाले. "फरक पडत नसेल तर आहे तेच राहू द्या. ती इंजिनिअर स्वतःला तैवानची म्हणवते, तेच मी लिहिलंय. माझ्या हाताने खोडणार नाही."

साहेबांनी दुसऱ्याकडून पाटीवर 'तैवान, चीन' असा कागद चिकटवून घेतला. पाहणीच्या दिवशी सकाळी मी तो काढून टाकला. चोरून नव्हे, सगळ्यांच्या देखत.

पाहुणे आले. प्रमुखांनी पाटी वाचली, हसून माझी चूक सुधारली, "तैवान, चायना."

साहेब डोळ्यांनी खुणावत होते, गप्प राहा. "तैवान, सर," मी म्हणाले. "जिने मला शिकवलं, ती एवढंच सांगायची."

त्यांनी तयार जॉब उचलून उजेडात फिरवला, फिनिशिंग चांगलं आहे म्हणाले आणि पुढे गेले. पाच मिनिटांचासुद्धा प्रकार नव्हता.

पण संध्याकाळी मला मशीनवरून काढून पॅकिंगला टाकलं. बरोबरीचे म्हणाले, "कशाला वाकड्यात शिरलीस? कुठलं कोण ते बेट!" खोके बांधताना मलाही एक-दोनदा तसं वाटलं, खोटं कशाला सांगू? त्या इंजिनिअर मुलीला मी यातलं काही कळवलं नाही. तिला तिचे घोर पुरेसे होते. सराव संपल्यावर भावाला चार दिवसांची सुट्टी मिळाली, एवढाच तिचा मेसेज आला होता.

महिन्याने साहेबांनी बोलावलं. मशीनवर जॉब खराब जायला लागले होते. मला परत घ्यायला ते तयार होते, पण चूक झाली असं लेखी हवं होतं. मी कागद घेतला आणि त्यांच्यासमोरच लिहिलं, "पाहुण्यांनी मशीनबद्दल विचारलं. मी खरं सांगितलं. पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगेन." खाली सही केली.

साहेबांनी वाचलं. परत एकदा वाचलं. "ही माफी आहे का?"

"नाही सर."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. म्हणाले, "जा. दुपारपर्यंत चाळीस जॉब पाहिजेत."

मी पंचेचाळीस काढले.