समय्याभाऊंची दोरी

“समय्याचीबी नजर एका साली चुकलीच ना... मंग आपल्याच्यानं काय होते?”

समय्याभाऊंच्या तेराव्याला, त्यांच्याच अंगणात, कोणीतरी हे हलक्या आवाजात म्हटलं. जेवणं आटोपली होती. सिरोंच्याजवळच्या त्या मासेमारांच्या गावातली चार-पाच माणसं मांडवात बसून, नदीचा राखीव पट्टा आता कोण सांभाळणार, हे बोलत होती. बोटी चालवणारा बाहेरचा एक ठेकेदार अख्खा पट्टा मागत होता आणि देऊन टाकावा, असं काहींच्या मनात येऊ लागलं होतं. मी भिंतीला टेकून चहाचा ग्लास धरून बसले होते. ते वाक्य खोटं आहे, हे तिथं फक्त मला माहीत होतं. तरी मी गप्प राहिले. गप्प राहणं मला लहानपणापासून चांगलं जमतं.

पट्टा म्हणजे गोदावरीचा एक खोल डोह, त्याच्यापुढचं रेतीचं बेट आणि अलीकडचा काठ. डोहात मासे वाढतात, म्हणून तिथं जाळं टाकायचं नाही. उन्हाळ्यात बेटाच्या उघड्या रेतीवर नदीसुरय पक्षी अंडी घालतात. आणि रविवारी माणसं डबे घेऊन काठावर येतात, गुडघाभर पाण्यातून बेटावरही जातात. या सगळ्यांना एकमेकांशेजारी नांदवायचं काम गावानं समय्याभाऊंकडे दिलं होतं. त्यांच्याकडे साधन एकच, जुन्या जाळ्याची दोरी, मध्ये मध्ये लुगड्याच्या चिंध्या बांधलेली. रोज सकाळी होडीतून जायचं, पक्षी कुठं बसलेत ते बघायचं आणि खुंट्या उपटून दोरी सरकवायची.

मी चंद्रपूरहून पक्षी मोजायला गेले, तेव्हा माझं मराठी परीक्षेपुरतं होतं. माझ्या घरी मराठी बोलत नसत, त्यांच्या घरात तेलुगू. बहुधा म्हणूनच आमचं जमलं. ते मला ‘अम्मा’ म्हणायचे. एकदाच काय ते पक्कं कुंपण का घालत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, “पाखरं सरकते, पाणी सरकते. कुंपन काऊन एका जागी राहीन?”

माणसांना हाकलणं त्यांना आवडत नसे. एकदा चार पोरं स्पीकर घेऊन दोरीपाशी आली. “तिकडं मगर आहे,” समय्याभाऊ शांतपणे म्हणाले.

“आत्ता तर ते म्हातारी तिकडूनच आली, भाऊ.”

“म्हातारी तिच्या ओळखीची आहे.”

पोरं हसली आणि तिथंच बसली. मग समय्याभाऊंनी माझी दुर्बीण मागून घेतली आणि रेतीच्याच रंगाचं एक पिल्लू त्यांना शोधायला लावलं. कितीतरी वेळ स्पीकर बंद होता.

माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात, समय्याभाऊ पलीकडच्या टोकाला दोरी बांधत असताना, मी प्रत्येक घरट्याशेजारी एक छोटा लाल झेंडा रोवला. मोजायला सोपं जावं म्हणून. त्यांना विचारलं नाही... विचारायला बोलावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बेटावर पोचलो, तर कावळे एका झेंड्याकडून दुसऱ्याकडे चालत निघाले होते. एकही अंडं उरलं नव्हतं. पक्षी डोक्यावर ओरडत होते. समय्याभाऊंनी एकेक झेंडा उपटला, होडीच्या तळाशी ठेवला आणि त्यावर जाळं टाकलं.

गावच्या बैठकीत विचारणा झाली. ते उठून म्हणाले, “मी पोरीच्या घरी गेलो होतो दोन दिवस. राखण नाई झाली. माही चूक.” ते कुठंही गेले नव्हते. मी समोरच वही घेऊन बसले होते. माझ्या अहवालात मी लिहिलं, ‘घरटी नष्ट, कारण अनिश्चित.’

परत येताना मी काहीतरी पुटपुटले असेन. ते म्हणाले, “तुले अजून शिकाचं आहे. तुह्यावर बोट दाखवलं, तर उद्या इथी कोणी शिकाले येनार नाई.”

नंतर त्यांनीच शिकवलं. भर दुपारी होडी लांब उभी करायची. रेती तापली की पक्षी अंडी सोडत नाही. “बसली पाखरं मोज ना. अंडे कायले मोजून राह्यली?” पक्षी पाण्यावर पोट टेकवून परत येतो आणि अंड्यांना ओल देतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यांच्या बोटाच्या दिशेनं बघितलं, तेव्हा ते पहिल्यांदा दिसलं. पुढचे चार उन्हाळे माझी मोजणी त्याच होडीतून झाली. मला शाबासकी मिळाली. गावात त्यांच्या नावावर ते एक साल तसंच राहिलं आणि त्यांनी त्याचा उल्लेख कधी केला नाही.

आता तेच साल मांडवात पुढे आलं होतं. “त्याच्यासारख्या माणसाच्या हातून गेलं, तर देऊनच टाकू ना ठेकेदाराले,” कोणी म्हणालं. कोणी मान हलवली. समय्याभाऊंची बायको, लचम्माबाई, दारात बसून ऐकत होती. तिच्या डोक्यावर, खुंटीला, दोरी नीट वेटोळं करून टांगलेली होती. चिंध्यांना अजून रेती चिकटलेली होती... गेल्या उन्हाळ्यातली, त्यांच्या हातची.

मी ग्लास खाली ठेवला.

“भाऊ,” मी त्या बोलणाऱ्याला म्हणाले, “समय्याभाऊ त्या साली कुठंच गेले नव्हते. अंडी माझ्यामुळे गेली.”