डाळ-भोपळ्याची कांडी

पंचाहत्तर साली बेबीनंदा आणि मी जालन्याहून बदनापूरला एकाच आगगाडीने शाळेत शिकवायला जायचो. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान, नुकतीच नोकरीला लागलेली, जालन्यात मस्तगडला माझ्या शेजारच्याच खोल्यांत राहणारी. त्यांच्या घरात मास्तरीण झालेली ती पहिलीच. वर्गात शिरताना पदर असा खोचायची, की मैदान मारायलाच निघाली आहे. मला हसूही यायचं आणि मनातून अभिमानही वाटायचा.

ऑगस्टात मात्र तिचं तोंड उतरलं. तिची सोळा महिन्यांची खेमा काडीसारखी झाली होती. डॉक्टरांनी तिला काट्यावर ठेवलं तर वजन साडेसात किलो. "चहा-बिस्किट बंद. डाळ, भाजी, घट्ट खाणं. दिवाळीपर्यंत साडेआठ झालं पाहिजे," ते म्हणाले.

चहा-बिस्किट कोण देत होतं, हे सांगायला नको. बेबीनंदा साडेआठला घर सोडायची ती दिवेलागणीला परतायची. दिवसभर पोर सासूपाशी, म्हणजे तिच्या आत्याबाईंपाशी. द्वारकाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना चुलीवर काही ऊन करून देणं जमे, पण रांधणं होत नसे. पहाटे करून ठेवलेलं दुपारपर्यंत आंबायचं. मग काय, बशीत चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्किट!

द्वारकाबाई बोलायला फटकळ. त्यांनी सरळ निकालच दिला. "दिवाळीपोत्तर पोरीचं वजन भरलं तर ठीक. न्हाई भरलं तर सुट्टीनंतर शाळा बंद. मला ह्या वयात पाप नको."

नवरा रामकिसन चपला घालून कामावर निघाला. हा माणूस बर्फाच्या कारखान्यात मिस्तरी. यंत्राशी दिवसभर बोलेल, आईपुढे तोंड उघडणार नाही. मला त्याचा असा राग यायचा!

पण बेबीनंदा रडत बसणारी नव्हती. एका सोमवारी गाडीत चढली ती डोळे चमकवतच. "बाई, मला सुचलं! ह्यांच्या कारखान्यात गारेगारच्या कांड्या जमवत्यात ना? पावसाळ्यात साचे रिकामेच पडून हायेत. मंग सरबताच्या जागी डाळ ओतली तर?"

मी म्हटलं, "वेडी की काय तू?"

"बिलकुल न्हाई! आठ आठ दिवस खराब होणार न्हाई. आत्याबाईंनी निसतं ऊन करायचं."

खुळी कल्पना, पण तिच्या तोंडून ऐकताना माझ्याही अंगात वारं शिरलं. कारखान्याचा मालक हसून हो म्हणाला. दर रविवारी आमच्या दोन्ही घरांच्या चुली पेटू लागल्या. मुगाची डाळ, लाल भोपळा, गाजर, पालक, ज्वारीची भरड, शेंगदाण्याचा बारीक कूट, वरून चमचाभर तूप. तिखट नाही, मीठ नावाला. मऊ शिजवायचं, घोटायचं, फडक्यातून गाळायचं. साच्यात उतरावं म्हणून पातळही करावं लागे. रामकिसन डबा घेऊन जायचा. कांड्या जमल्या की कारखान्यातल्या बर्फाच्या पेटीत ठेवायचा आणि रोज दुपारी दोन कांड्या घरी पोचवायचा. एक पिवळी, एक हिरवी, काडीसकट. इतक्या सुरेख दिसायच्या की बघत राहावं.

खेमाला मात्र त्यांचं काही कौतुक नव्हतं. वितळवून ऊन केलेलं ते पातळ कालवण पहिल्या घासाला तोंडात घ्यायची आणि दुसऱ्याला थुंकायची. सप्टेंबर संपला तरी वजन जेमतेम पाव किलो चढलं. बेबीनंदा गाडीत खिडकीबाहेर बघत बसायची. एकदा म्हणाली, "बाई, ही नोकरी गेली तर मी मरणार न्हाई, पण जगल्यासारखं वाटणार न्हाई."

दसऱ्याच्या दोन दिवस आधी रामकिसन दरवर्षीप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीवर गेला. पांढरे कपडे, झोळीत भाकरी, मित्रांचा घोळका. त्या उत्साहात पेटीचं कुणाला सांगायचं तो साफ विसरला. ऑक्टोबरचं ऊन, गिऱ्हाइकाची झुंबड. गारेगारची गाडी फिरवणारा कचरू कारखान्यात आला, पेटीत पिवळ्या-हिरव्या कांड्या दिसल्या, नवा माल समजून सगळ्या गाडीत भरल्या आणि घंटी वाजवत मस्तगडात शिरला!

आम्ही तेव्हा बदनापुरात पाढे घेत होतो. पुढचं सगळं द्वारकाबाईंनी संध्याकाळी हातवारे करून सांगितलं. गल्लीत एकच गलका उठलेला. "कचरूमामा, ह्यात डाळ हाय!" पोरं थू थू करून राहिलेली, आया कचरूच्या नावानं शंख करत होत्या. द्वारकाबाईंनी ऐकलं मात्र, खेमाला कडेवर घेऊन घंटीच्या रोखानं अनवाणी सुटल्या.

"अरे मुडद्या, माझ्या नातीचं जेवण इकून राह्यला का तू?"

कचरूनं घाबरून उरलेल्या सहा कांड्या पुढे केल्या. म्हातारी त्याला आणखी चार शब्द ऐकवत होती, तेवढ्यात खेमानं हात लांब केला आणि एक पिवळी कांडी ओढून घेतली. तिच्या दाढा येत होत्या, हिरड्या शिवशिवत असणार. ती कांडी तिनं चोखली, चावली, हनुवटीवरून पोटावर ओघळ आणले आणि काडीच उरली तेव्हा दुसरीसाठी भोकाड पसरलं.

"दोन खाल्ल्या गं! ऊन न करता, जशाच्या तशा! आपून उगंच चुलीवर ठिवत होतो," द्वारकाबाई सांगत होत्या. बेबीनंदा चपला न काढता सासूच्या गळ्यातच पडली. आम्ही त्याच संध्याकाळी भोपळा चिरायला घेतला.

नंतरचे तीन आठवडे नुसती धामधूम. खेमा रोज दोनाच्या तीन, तिनाच्या चार कांड्या फस्त करू लागली. रामकिसनला कारखान्यातून धावत येताना पाहिलं की दारातच टाळ्या पिटायची.

दिवाळीची सुट्टी लागली त्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. द्वारकाबाई हट्टानं बरोबर आल्या. खेमाला काट्यावर बसवलं तशी बेबीनंदानं माझा हात इतका आवळला की बांगडी पिचली. डॉक्टर म्हणाले, "आठ किलो सहाशे."

द्वारकाबाईंना काटा दिसत नव्हता. "बराबर पाह्यलं का? पुन्हा पाहा," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. तेवढंच भरलं.

म्हातारीनं खेमाला उचलून खांद्यावर टाकलं, सुनेकडे वळली आणि भर दवाखान्यात म्हणाली, "आता पेन्शन घेतल्याबिगर घरी बसली तर माझ्याशी गाठ हाय."

बेबीनंदा तोंडावर पदर घेऊन हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. माझंही तेच चाललं होतं.