कंबर पाहून गाडी

आमच्या मावशीच्या यजमानांइतकी वाहनांची पारख असलेला माणूस निजामाच्या सबंध मुलखात दुसरा नव्हता, हे मी कुणाशीही पैजेवर सांगायला तयार आहे. काका अदालतीत सरिश्तेदार होते, नामपल्ली स्टेशनाच्या पाठीमागे राहायचे, आणि नोकरीतून उरलेला सगळा जीव आल्यागेल्या पाहुण्यांना आडरानातल्या गावांत पोचवण्यात घालायचे. कुणी हैदराबाद बघायला आलं की म्हणायचे, "चारमिनार कुठं पळून चाललाय? आधी मुलूख बघा!" मग पाहुण्याभोवती एक फेरी मारून त्याची कंबर निरखायचे. एका वजनदार वकिलांना त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "तुम्हाला टांगा नक्को. घोडा वर जाईल." सडपातळ माणसाला बंडी, म्हणजे बैलगाडी, मोटारीत मळमळणाऱ्याला तट्टू, आणि भांडकुदळ नवराबायकोला, वाटेत नदी असेल तर, टोपलीसारखी गोल होडी. "तिच्यात भांडले की दोघंही बुडतात, म्हणून गप्प बसतात," असं त्याचं कारण.

गाडी ठरवताना ते गाडीवानापेक्षा बैलांशीच जास्त बोलत. बैलाच्या वशिंडावर हात ठेवून क्षणभर डोळे मिटायचे, मग वाकून चाकाचा आस हुंगायचे आणि दखनीत विचारायचे, "चक्के कू तेल दे को कित्ते दिन हुए, मियाँ?" उत्तर खोटं असेल तर ते बैलाच्या चेहऱ्यावरून कळतं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

लढाईच्या दिवसांत माझ्या पुण्याच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई हैदराबादला माझ्याकडे आल्या. साठीच्या, विधवा, आणि उजवा गुडघा कायमचा आखडलेला. वरंगलच्या पुढं जंगलात एक जुनं देऊळ आहे. त्यावरच्या नर्तकींचं एक छायाचित्र समोर ठेवून बाईंनी वीस वर्षं मुलींना रेषा शिकवली होती. त्या मूर्ती एकदा डोळ्यांनी बघायच्या होत्या. भावानं त्यांना सांगितलं होतं, "या वयात घरी बस." मी त्यांना काकांपुढं उभं केलं. काकांनी फेरी मारली, गुडघ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "चार गाड्या लागतील. पोचाल."

काका आणि मी बरोबर निघालो. वरंगलपर्यंत रेल्वे झाली. पुढं पेट्रोल नव्हतं म्हणून मागं कोळशाची भट्टी जोडलेली मोटार होती. ती पहिल्याच चढाला धापा टाकत थांबली. सगळे उतरून ढकलायला लागले. बाई मात्र आत एकट्या, महाराणीसारख्या. त्यानंतर बंडी. गवताच्या गादीवर पाय लांब करून बाई दोन कोस मजेत आल्या, आणि देवळाच्या अलीकडच्या ओढ्यात, कोरड्या वाळूत, चाकं रुतली ती रुतलीच. बैलांनी सरळ बसकण मारली.

झाडांवरून देवळाचा माथा दिसत होता. बाईंनी तिथूनच हात जोडले. "इथवर आले, हेच पुष्कळ झालं. चला परत."

"चौथी गाडी राहिलीय," काका म्हणाले आणि शेजारच्या वाडीतून एक बाज घेऊन आले. बाजेबरोबर माणसं मात्र तीनच मिळाली होती.

बाजेला बांबू बांधलेले बघून बाईंचा चेहरा उतरला. "नको हो. चौघांच्या खांद्यावरून जायचं ते एकदाच. जिवंतपणी नको."

काका शांतपणे शेरवानीची बटणं काढत होते. "बाई, नवरीच्या मेण्यालाही चौघंच असतात. आमच्या मेण्याला चांदी नाही एवढंच. बसा, आणि तोंड पुढं करून बसा. वाट तुम्ही दाखवायची."

बाई हसल्या, डोळे पुसले आणि बसल्या. घरी पाण्याची घागरही न उचलणाऱ्या आमच्या सरिश्तेदारांनी चौथा बांबू खांद्यावर घेतला. वाळूत पाय घोट्यापर्यंत जात होते, टोपी कपाळावर घसरत होती, आणि वरून बाई ओरडत होत्या, "डावीकडे! अहो, डावीकडे!" त्या दुपारी बाईंनी नर्तकीच्या दगडी पावलावर हात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. नंतर चार तास चित्रं काढली. काका खांबाला टेकून घोरत होते.

काकांचा खांदा पुढं कधीच सरळ झाला नाही. बाईंनी पुण्याहून कळवलं, 'आता अजिंठा.' काकांनी लगेच चौकशा केल्या, रजा काढली, लेण्यांजवळच्या फर्दापूरची बंडी ठरवली. आणि निघायच्या आठवड्यात बाईंच्या भावाचं पत्र आलं. बाई झोपेतच गेल्या होत्या.

काकांनी पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, आता सगळं रद्द होणार. पण दोन दिवसांनी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मावशीला म्हणाले, "तुमची पेटी भरा."

लग्नाला तीस वर्षं झाली होती. पाहुण्यांसाठी शिदोऱ्या बांधणारी मावशी काकांबरोबर कुठंच गेली नव्हती. घरी कुणीतरी लागतंच ना! दोघं अजिंठ्याहून परत आल्यावर मी विचारलं, "कसा झाला गं प्रवास?"

मावशी उन्हानं रापली होती. हातातली भाजी तशीच ठेवून म्हणाली, "बोलले नाहीत फारसे. बंडीत माझ्या पाठीला उशी मात्र तीनदा बदलून दिली. आणि लेण्यांत शिरल्यावर म्हणाले, 'सावकाश बघा. बैल थांबतील.'"