आईचे रक्त आणि शेजारच्या वाट्या

आईच्या पित्ताशयात खडे निघाले. शस्त्रक्रिया ठरली, पण तिचे रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, आठ पॉइंट दोन भरले. बार्शीच्या डॉक्टरांनी सांगितले, दहाच्या वर गेल्याशिवाय भूल देणार नाही. मधल्या काळात एखादा खडा नळीत अडकला, तर कमी रक्तावरच घाईने चिरावे लागेल. तेलकट पूर्ण बंद. लोहाच्या गोळ्यांनी तिला उलट्या झाल्या, त्यामुळे सगळी भिस्त आहारावर आली. कळ आली की ती स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कडेला पोट दाबून उभी राही.

डॉक्टरांच्या यादीत अळीव, खजूर, बीट, काळे मनुके, नाचणी आणि शेवग्याची पाने होती. मी बातमीदार, आणि बातमीदारीत एका स्रोतावर विसंबायचे नसते. मी पुण्याहून चिया, भोपळ्याच्या बिया आणि शेवग्याच्या पानांची पावडर आणली. प्रत्येक पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'सुपरफूड' छापलेले होते. पावडरीचे पाकीट मी भूमच्या आमच्या अंगणात, शेवग्याखाली बसून फोडले.

"झाड दिसंना का तुला?" आईने विचारले.

"ही वाळवलेली आहे."

"मंग ऊन बी पुण्याचंच लागतं व्हय?"

या सगळ्याचे लाडू मी स्वतः वळत असे. दर रविवारी वीस. शनिवारपर्यंत डबा रिकामा होई. महिन्याने पुन्हा रक्त तपासले. आठ पॉइंट एक.

तपासणी दुसरीकडे करून पाहिली. आकडा तोच आला. मग मी एका सकाळी वर्तमानपत्र घेऊन ओसरीवर बसलो. नऊ वाजता आई पदराखाली वाटी घेऊन समोरच्या घरी गेली. सव्वानऊला दुसरी वाटी शेजारी, एसटीतून निवृत्त झालेल्या ड्रायव्हर अण्णांकडे गेली. दहापर्यंत पाच वाट्या गेल्या.

आमच्याकडे याला वानवळा म्हणतात. शेतातला पहिला हरभरा, पहिल्या शेंगा, घरात नवे जे येईल ते चार घरी पोचवायचे. आणि ज्याच्याकडे वाटी गेली, त्याने ती रिकामी परत करायची नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. चिया आमच्या गल्लीत कधी आलेच नव्हते. म्हणजे ते नवे होते. पुढच्या रविवारचे लाडूही नवेच होते.

वाट्या परत येत होत्या. त्यांत भजी, पुऱ्या, तळलेल्या मिरच्या असत. दुसऱ्याच्या घरचे टाकून द्यायचे नाही म्हणून आई ते खात होती.

"आई, ते औषध आहे."

"समद्या गल्लीत वास गेला. त्यास्नी सोडून गिळू व्हय मी?"

"त्यांचं रक्त कमी नाही."

"तू बघून आलास?"

बघायची वेळ आली नाही. त्याच आठवड्यात अण्णांनी स्वतःचा रिपोर्ट आणून दाखवला. "पैल्यांदा अकरा व्हतं, आता चवदा. काकूच्या लाडवाला लई गुण हाय. पुढचा घाणा कवा?"

गल्लीचे रक्त वाढत होते. डॉक्टरांनी आणखी एक महिना दिला आणि त्याच रात्री आईला दोनदा कळ आली.

मी डबा कपाटात ठेवून पाहिला. दोन दिवसांनी समोरच्या वहिनी धुतलेली वाटी घेऊन आल्या. वाटीत शंकरपाळे होते. शेजारून आलेले आई टाकणार नव्हती. तेव्हा मी उरलेले सगळे साहित्य पिशवीत भरले आणि वहिनींच्या ओट्यावर नेऊन ठेवले. हे आईला वानवळा म्हणून पाठवा, असे सांगितले.

"म्हंजी तुमचंच तुमाला द्यायचं, भाऊजी?"

"हो. लाडू मी वळून देतो. पण तुमच्या घरचे म्हणून पाठवायचे."

"आन् वाटी परत देताना काकूनी काय घालायचं?"

"साखर."

"रोजची साखर? मंग आमचं काय व्हायचं?"

पाच घरांनी वार वाटून घेतले. तळायचे नाही, एवढी एकच अट होती. समोरून नाचणीची भाकरी आणि शेवग्याच्या पानांची भाजी आली. अण्णांच्या घरून बिटाची कोशिंबीर आली. एकदा अण्णांच्या मंडळींनी चिया मटकीसारखे भिजत घातले, फडक्यात बांधून मोड यायची वाट पाहिली आणि जे झाले त्याला फोडणी दिली. वाटीत चमचा उभा राहत होता. आईने डोळे मिटून ते संपवले. दारात आलेली वाटी माघारी लावायची नसते.

महिन्याने रक्त दहा पॉइंट एक भरले.

"काय खाल्लं?" डॉक्टरांनी विचारले.

"घरचं कायबी न्हाय. शेजाऱ्याचं तेवढं," आई म्हणाली. डॉक्टरांनी कागदावर लिहिले, आहार सुधारला.

शस्त्रक्रिया नीट झाली. तिसऱ्या दिवशी परतताना गाडीत आई म्हणाली, "लाडू तुझेच व्हते."

"कशावरनं?"

"एक बी गोल नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटी त्यांच्या दारातनं आलती."

दवाखान्याने काढलेले खडे एका छोट्या बाटलीत घालून दिले होते. ते सात होते; सर्वांत मोठा हरभऱ्याएवढा. समोरच्या वहिनींनी बाटली सासूला दाखवायला नेली. तिथून ती शेजारी गेली, तिथून पुढे. चार दिवस ती आमच्या घरी नव्हती. पाचव्या दिवशी अण्णा तळहाताने झाकून ती घेऊन आले आणि आईच्या उशाशी ठेवून गेले.

मी बाटली उजेडात धरली. खडे सातच होते. त्यांच्यावर चिमूटभर साखर होती.

आईने बाटली हातात घेतली, पाहिली आणि झाकण घट्ट लावले. मग वाटी मागितली आणि विचारले, डब्यात लाडू किती उरलेत.

दोन होते.